दुसऱ्याच्या हळकुंडाने

रत्नाचा फोन आला तेव्हा मी चष्म्याच्या मोडक्या दांडीला दोरा गुंडाळत बसलो होतो. "डॉक्टर, ताई गेली," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून सवयीने प्रश्न गेला, "कशानं?" गेलेल्या माणसाविषयी आयुष्यभर हाच पहिला प्रश्न विचारत आलो, सुमनच्या बाबतीतही दुसरा सुचला नाही. "झोपेतच," रत्ना म्हणाली. "सकाळी मी च्या घेऊन गेली तं अंग गार." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "येत्या इतवारी शाळेत शोकसभा ठेवली हाय. तुमाले बोलावंच लागते. पण एक आयका, आफ्रिकेचं काही काढू नका."

"काऊन?" मी विचारलं.

"नका काढू म्हनलं ना," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सुमन म्हणजे आदिलाबादकडच्या बेल्याच्या कासाराची थोरली मुलगी. डॉक्टर झाली, बाजारहत्नूरच्या बाजूला खेड्यापाड्यांत नोकरीची बहुतेक वर्षं काढली, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर बेल्याला धाकट्या बहिणीकडे, रत्नाकडे, बांगड्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली. मी तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. साथीच्या रोगांचा डॉक्टर. पश्चिम आफ्रिकेत पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, संशयाने एक पथक गेलं, त्याचा मी प्रमुख होतो. तेलंगण वेगळं होण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. सुमनला त्या पथकात मीच नेलं, आणि काम अर्धवट असताना तिथून परत पाठवलं तेही मीच. तिला परत पाठवलं हे साऱ्या बेल्याला माहीत होतं. कोणी पाठवलं हे मात्र कुणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

सभेला शाळेचा वर्ग भरला होता. मागच्या बाकांवर बाजारहत्नूरहून आलेल्या बाया दाटीने बसल्या होत्या. हेडमास्तर चांगलं बोलले. बोलता बोलता म्हणाले, "आपल्या डॉक्टरसाहेबांनी आफ्रिकेत हळद दाखवून पीतज्वराची साथ पकडली, हे आपण पेपरात वाचलंच आहे. त्या पथकात आपल्या सुमनताईही काही दिवस होत्या." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. रत्ना समोरच बसली होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी उठलो, सुमनच्या दवाखान्यातल्या दोन आठवणी सांगितल्या, बसलो. चहा झाला. मोटारसायकली एकेक करून निघाल्या. "काही दिवस होत्या" हे शब्द माझ्याबरोबर आदिलाबादपर्यंत आले आणि पुढे कितीतरी दिवस घरातून हलले नाहीत. त्यानंतर मी बेल्याला पुन्हा गेलो. रत्नाने घातलेली बंदी तिनेच उठवली, म्हणून हे लिहितो आहे.

सुमनची आणि माझी पहिली भेट बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यात झाली. तापाचे दिवस होते. मी जिल्ह्याहून तपासणीला गेलो होतो. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "ताप येतो का?" तो म्हणाला, "नाही." मी पुढे निघालो. मागे एक किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची डॉक्टरीण उभी होती. ती म्हणाली, "मामा, अंग कसं हाय?"

"कढत हाय ना बाई. तव्यावानी."

"मंग ताप नाही म्हनता?"

"ताप तं थंडी वाजून येते. हे नुसतं कढत हाय."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमी कागदातला ताप विचारून राह्यले." मला हसू आलं, थोडा रागही आला. पुढच्या सगळ्या वर्षांत तिच्याबद्दल मला या दोन गोष्टी अशाच जोडीने वाटत राहिल्या.

तिला प्रश्न पडायचे. भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांची छाती सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशीच जास्त का भरते? एकाच आडाचं पाणी पिणाऱ्या दोन घरांतलं एकच घर आजारी का पडतं? उत्तर मिळालं की तिचा चेहरा उजळायचा, आणि मिळालं नाही तरी उजळायचा, हे मला कधी समजलं नाही. जेवताना, जीपमध्ये, मिटिंगमध्ये सारखं "काऊन?" मी एकदा वैतागून म्हणालो, "सुमन, तुझ्या बारशाला कोणी नाव ठेवायच्या ऐवजी प्रश्न विचारला होता का?" ती म्हणाली, "हो ना. आत्या म्हने, पयली मुलगीच काऊन?"

आफ्रिकेला जायचं ठरलं तेव्हा लस टोचून घेतानाही तिचं तेच चाललं होतं. पीतज्वर पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे, रांजणात, टायरात, कुंडीत. माणसंही आहेत. मग हा रोग आपल्याकडे का नाही? यावर विद्वानांचे तर्क पुष्कळ आहेत, खात्रीचं उत्तर अजून नाही. मी तिला तर्क सांगितले. ती दंड चोळत म्हणाली, "म्हंजे कोनालेच माहीत नाही. मस्त." जणू कुणी तिला मिठाई दिली होती.

त्या देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, बदनामी त्यांची नको. पावसाळा संपून कोरडे दिवस लागले होते. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि कापसापलीकडे जवारी. सुमनने गाडी थांबवायला लावली. जवारीची ताटं तिच्या डोक्यावर हातभर उंच होती; ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली. "सर, जवारी मुळची इकडचीच म्हनतात ना? मंग हे आपल्या भाकरीचं माहेर झालं." गावात बाया उखळात जवारी कांडत होत्या, दोघींची मुसळं आळीपाळीने पडत होती. त्यांनी आम्हाला आंबट, पातळ असं काही प्यायला दिलं. सुमनने वाडगा रिकामा करून निवाडा दिला, "आंबील हाय. लसूण तेवढा राह्यला." घराघरात मातीचे मोठे रांजण होते, अर्धे जमिनीत गाडलेले. टॉर्च मारला की अळ्या वळवळत तळाला जायच्या.

लोक तापाने जात होते. जे गेले त्यांना आम्ही पाहिलेलं नव्हतं. जे समोर होते ते नुकतेच तापलेले, डोळे जरा लालसर. त्यामुळे सगळी मदार विचारण्यावर होती. मूसा नावाचे तिथले शाळामास्तर आमचे दुभाषी. आमच्या प्रश्नावलीत एक कळीचा प्रश्न होता, आजाऱ्याचे डोळे पिवळे झाले होते का? 'हो' असेल तर पुढे काळी ओकारी, हिरड्यांतून रक्त वगैरे विचारायचं. 'नाही' असेल तर ते प्रश्न सोडून द्यायचे. मूसा मास्तर प्रश्न विचारायचे, घरातली माणसं मान हलवायची, मास्तर आम्हाला सांगायचे, "होय. लाल झाले होते." घरामागून घर तेच. लाल, लाल, लाल. मी प्रत्येक घरापुढे 'पिवळे नाहीत' अशी खूण केली. मलेरियाच्या चाचण्या पुष्कळांच्या होकारार्थी आल्या होत्या. त्या मुलखात धडधाकट माणसाचीही ती चाचणी तशी येऊ शकते, हे मला ठाऊक होतं. तरी मी निष्कर्ष काढला की मलेरिया आहे आणि जोडीला डोळे आलेत. पिवळ्याचा प्रश्न विचारल्यावर लालचं उत्तर येतं आहे, याचं मला नवल कसं वाटलं नाही, हे नवल मला आज वाटतं.

सुमनला ते तिथेच वाटलं. "सर, डोळे आले तं चिपडं येतात. एकाच्याबी पापन्या चिकटल्या नाहीत काऊन?" मी म्हणालो, धूळ आहे, चुलीचा धूर आहे. दुपारी झाडाखाली जेवताना तिने मूसा मास्तरांना पायाखालची माती दाखवली. "मास्तर, हिचा रंग तुमच्या भाषेत?" मास्तरांनी शब्द सांगितला. लाल. तिने ताटातली पपईची फोड उचलली. तोच शब्द. शेजारी पाण्याचा पिवळाधमक प्लास्टिकचा डबा होता. तोच शब्द. मग तिने पिशवीतून हळकुंड काढलं. परदेशात घसा धरला तर दुधात उगाळायला म्हणून तिच्या आईने दिलं होतं. दगडावर पाण्याचा थेंब टाकून तिने ते उगाळलं, पिवळं गंध मास्तरांपुढे केलं. मास्तर म्हणाले, "लाल." आणि सुमन इतकी मोठ्याने हसली की झाडावरची पाखरं उडाली. मास्तर बिचारे ओशाळले. त्यांच्या भाषेत रंगाचे शब्द तीनच होते, पांढरा, काळा आणि लाल. उरलेलं सगळं लोक 'अमक्यासारखं' म्हणून सांगत. मास्तरांनी आमचा 'पिवळा' प्रामाणिकपणे आपल्या 'लाल'मध्ये नेला होता आणि तितक्याच प्रामाणिकपणे 'लाल' म्हणून आमच्याकडे परत आणला होता.

"मास्तर, तुमचं काही चुकलं नाही," सुमन म्हणाली, आणि तिने त्यांना आपल्या दुकानातली गोष्ट सांगितली. मीही ती तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ती लहान असताना शेजारच्या माणसाला कावीळ झाली, तेव्हा तेलुगू बाया म्हणाल्या, 'पच्च कामेर्लु' झाले. कावीळ पिवळी, म्हणून तिने मनाशी धरलं की पच्च म्हणजे पिवळं. पुढे एक तेलुगू नवरी सासूबरोबर दुकानात आली आणि 'पच्च गाजुलु' मागू लागली. सुमनने मोठ्या ऐटीत तिच्या हातात पिवळ्या बांगड्या भरल्या. सासूने दुकान डोक्यावर घेतलं. तिला हिरव्या हव्या होत्या. बांगडी असली की पच्च हिरवं, कावीळ असली की तेच पच्च पिवळं. वडिलांनी सुमनच्या टाळूवर टपली मारली. "सुमे, गिऱ्हाइकाले रंगाचं नाव कदी इचारू नाही. बांगडी पुढं धरावी. नाव ज्याचं त्याचं, रंग सगळ्याइचा." मूसा मास्तरांना ही गोष्ट फार आवडली. ते 'पच्च, पच्च' पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

ती मला म्हणाली, "सर, एक दिवस द्या. मी हळद घेऊन फिरतो."

मी नाही म्हणालो. शेजारच्या जिल्ह्यात गोवराची साथ आहे, तिकडे उद्या निघायचं आहे, मलेरिया सिद्ध झालेला आहे, अशी कारणं दिली. खरं कारण वेगळं होतं. प्रश्न तिला पडला होता, मला पडला नव्हता. आणि मी प्रमुख होतो. मूसा मास्तरांसमोर तिच्या हसण्यात मला माझी फजिती ऐकू आली होती... ती माझ्यावर हसलीच नव्हती, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली.

दुसऱ्या सकाळी पाहतो तर सुमन नाही, मूसा मास्तर नाहीत, त्यांची मोटारसायकल नाही, रक्त घ्यायच्या सामानाची पेटीही नाही. मी सॅटेलाइट फोन लावला आणि राजधानीतल्या कचेरीला सांगितलं की ही बाई हुकूम मानत नाही, पथकाला धोका आहे, तिला परत बोलवा. मोजकं बोललो, शांतपणे बोललो. असं बोलणं मला चांगलं जमत असे.

तिकडे काय घडलं ते मागाहून मूसा मास्तरांनी सांगितलं. पहिल्याच घरात हावा नावाची बाई होती, तिचा नवरा नुकताच गेला होता. सुमनने काही विचारलं नाही. चार वस्तू मांडल्या: मिरची, माती, पपई, आणि दगडावर उगाळलेली हळद. मास्तरांना एवढंच म्हणायला लावलं, "त्याचे डोळे यातल्या कशासारखे?" हावाने एकेक वस्तू न्याहाळली. मग तिने हळदीत बोट बुडवलं आणि आपल्याच डोळ्यांखाली ओढलं, आधी एका, मग दुसऱ्या. दारात जमलेल्या बायांत एकदम बोलणं सुरू झालं. माझ्या भावाचे असेच. माझ्या सुनेचे असेच. मग आम्ही गाळलेले प्रश्न सुमनने विचारले, आणि काळी ओकारी, हिरड्यांतलं रक्त, सगळं बाहेर आलं. आम्ही विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. जे आजारातून उठले होते त्यांचं रक्त तिने घेतलं.

दुपार कलताना दोघं परत आली, धुळीने माखलेली. सुमन उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्याली आणि मला सांगू लागली. तिचं अर्धं सांगून होण्याआधीच मला कळलं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं." हे मी म्हणालो, एवढं माझ्या बाजूचं नोंदवून ठेवतो. पण सकाळी केलेला फोन मी फिरवला नाही. फोन टेबलावर, माझ्या हाताशीच होता. पुन्हा लावायचा तर म्हणावं लागलं असतं, 'चुकलो होतो.' तेवढं एक वाक्य.

गाडी आली. सुमनने विचारलं, "मले? परत? काऊन?" मी म्हणालो, "वरून हुकूम आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, मग सामान आवरायला गेली. नमुन्यांची बर्फाची पेटीही त्याच गाडीतून जायची होती, म्हणून ती पेटी शेजारी ठेवून, तिच्यावर आपली ओढणी पसरून, बसली. जाता जाता म्हणाली, "सर, रांजन तेवढे पालथे करायले सांगा." गाडीने उडवलेली लाल धूळ... नव्हे, तिला कोणता रंग म्हणावा हेही तेव्हापासून मला कळेनासं झालं आहे. ती दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभा होतो. नमुन्यांचा निकाल आला तेव्हा सुमन भारतात पोचली होती. पीतज्वरच होता. लस आली, गावोगाव रांगा लागल्या, साथ आवरली. तिने माझं ऐकलं असतं तर आम्ही त्या सकाळी गोवराकडे निघून गेलो असतो. त्या परिस्थितीत आणखी किती माणसं गेली असती, हा एक प्रश्न आहे जो मी स्वतःला विचारायला धजत नाही.

अहवालात मी लिहिलं, 'पथकाने स्थानिक रंगशब्दांचा मागोवा घेतला.' आदिलाबादला सत्कार झाला तेव्हा बोललो, "आमी हळद दाखवली, आमाले शंका आली." आपल्याकडे जुनी माणसं स्वतःलाही 'आमी' म्हणतात. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'मी' घेतला, पेपरात 'डॉक्टरांनी' असं छापून आलं. मला विचारलं असतं तर म्हणालो असतो, आमी म्हणजे आम्ही सगळे. कोणी विचारलं नाही. त्या शब्दात मी आरामात राहत होतो. त्याला दोन्हीकडे दारं होती.

सुमन त्या सत्काराला आली होती. टाळ्या वाजवल्या. नंतर हारांच्या ढिगाशी मला गाठून हसत म्हणाली, "सर, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होनं आयकलं होतं. तुमी तं दुसऱ्याच्या हळकुंडानं झाले!" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. तिने हे थट्टेत घेतलं आहे, असं मी ठरवून टाकलं.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि तीच सगळ्यांत जड आहे. त्यानंतर सुमनने परदेशातल्या कामांसाठी अनेकदा अर्ज केले. तिला कधीच बोलावणं आलं नाही. एकदा मी बाजारहत्नूरकडे गेलो असता दवाखान्याच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत आम्ही बसलो होतो. ती सहज म्हणाली, "सर, मले पुन्हा काऊन बोलावत नसतीन? तुमाले काही माहीत हाय?" मी शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. म्हणालो, "नाही बुवा." ती म्हणाली, "असं," आणि पुढची शेंग घेतली. तिच्या तोंडून उत्तरावर 'काऊन' आला नाही, असं मी एवढंच एकदा पाहिलं.

बेल्याला मी सभेनंतर तीनेक आठवड्यांनी गेलो. रत्नाला गाठायचं, दुकानामागच्या खोलीत बसायचं, दार लोटून घ्यायचं आणि सांगायचं, असं योजलं होतं. पण बाजाराचा दिवस निघाला. दुकानात दोन बाया बसलेल्या, एक गावातलीच कापूसवाली, कमलाबाई, दुसरी तेलुगू बोलणारी, लक्ष्मम्मा, पोरीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला आलेली. रत्ना तिच्या हातात माप घालून पाहत होती. मी म्हणालो, "रत्ना, जरा आत येतेस? सुमनविषयी बोलायचं आहे. आफ्रिकेचं."

तिने मान वर केली नाही. "इथंच बोला."

"इथे नको. आत..."

"आत काऊन? तिले परत पाठवलं हे आत बसून बोलले का लोक? बाबाले इथं, याच ठेल्यावर येऊन म्हनत, काय मनोहरराव, पोरगी परत पाठवली म्हने! लगन न होता माहेरी धाडली जशी." मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "मले माहीत हाय, डॉक्टर. कोनं फोन केला ते. ताईले तिथल्या डायवरनं गाडीतच सांगितलं होतं."

म्हणजे शेंगा सोलताना तिने विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. तिने प्रश्न विचारला नव्हता... माझ्यापुढे धरला होता, मी घ्यावा म्हणून.

"मग तू आफ्रिकेचं काढू नका म्हणालीस ते..."

"तुमी तिच्या फोटोसमोर उभे राहून आमी आमी केलं असतं. ते मले आयकवलं नसतं." तिने लक्ष्मम्माच्या हातातलं माप काढून ठेवलं. "मले सांगितलं ताईनं, पन बाबाले सांगू देल्लं नाही. म्हने, सर स्वतः येऊन सांगतीन कदी तरी. येतीन, येतीन... बाबा गेले. आता तेबी गेली."

कमलाबाई पुढे सरकली. ती म्हणाली, "रत्ने, मले समजू दे. म्हंजे बाई बरोबर होती?"

"यायले इचार," रत्ना माझ्याकडे मान वळवून म्हणाली.

"बरोबर होती," मी म्हणालो.

"अन् चुकलं कोन? तुमी?"

"आम्ही जरा..." मी सुरुवात केली.

"आमी कोन? तुमच्यासंगं आनखी कोन होतं?"

"कोणी नव्हतं. मी चुकलो."

"मंग तिलेच काऊन परत पाठवलं?" कमलाबाई म्हणाली. लक्ष्मम्माला अर्धं कळत होतं, अर्धं नाही. तिने कमलाबाईला तेलुगूत विचारलं, आणि कमलाबाईने तिला माझ्यासमोर चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. लक्ष्मम्मा माझ्याकडे पाहून तेलुगूत काही बोलली. रत्नाने भाषांतर केलं, "म्हनते, म्हातारा झाल्यावर आला."

मी उभाच होतो. बसावंसं वाटत होतं, आणि मला कोणी बसायला सांगावं असं माझं तिथे काही उरलं नव्हतं. दुकानाच्या पायरीशी एक बुटकं लाकडी स्टूल होतं, जेमतेम वीतभर उंच, वरची फळी गुळगुळीत झालेली. मघापासून दोन्ही बाया त्याला वळसा घालून बसल्या होत्या. रत्नाने बोटाने ते दाखवलं. निवृत्त झाल्यापासून सुमन दुपारभर त्यावर बसायची म्हणे. बाया बांगड्या भरायला यायच्या आणि जाताना तिला आपली दुखणी सांगून जायच्या. खुर्ची दिली तर नको म्हणायची. बाई वरून बोलली, आपण खालून ऐकलं की ती खोटं सांगत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"बसा," रत्ना म्हणाली. "पयल्यापासून सांगा. आमाले घाई नाही."

गुडघे कुरकुरले, पण बसलो. तिथून बायांचे चेहरे उंचावर दिसत होते, आणि डोळ्यांसमोर लक्ष्मम्माचा हात होता, अर्धा चुडा भरलेला, अर्धा मोकळा. रस्त्यावरून जाणारी आणखी दोन माणसं पायरीशी थांबली. मी सांगायला लागलो. संपवलं तेव्हा चुडा भरून झाला होता. रत्नाने पैसे घेतले, मग मला म्हणाली, "आता हे छापा. अन् पुढच्या बाजारी या. आज आले नाहीत ते हायेत अजून."

मी जातो. बेल्याची बस बाजाराच्या दिवशी भरलेली असते, लवकर निघावं लागतं. रत्ना माझ्याशी फारसं बोलत नाही; कोणी आलं की स्टुलाकडे बोट करते आणि म्हणते, "यायच्याजवळ ताईची एक गोष्ट हाय, आयकून जा." मी बसतो. खालून सांगतो. परवा एका लहान मुलीने मध्येच विचारलं, "पन मंग आपल्याकडं तो रोग काऊन नाही?" सुमन असती तर तिने त्या मुलीला आधी आपल्या शेजारी बसवून घेतलं असतं... मी जरा सरकलो. स्टूल लहान आहे, पण दोघं मावलो.